फेसबुकवर आपण कोठे उभे आहोत हे कसे ओळखावे

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिले आहे ते थोडक्यात असे. आपण ६६ वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापिका आहात. दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या नातीने आपल्या मोबाइलवर फेसबुकचे खाते उघडून दिले आणि ती नोकरीच्या गावी परत गेली. जुन्या विद्यार्थ्यांची ख्यालीखुशाली कळावी, एवढीच आपली इच्छा होती. परंतु सकाळी पाहिलेली पोस्ट दुपारी सापडत नाही, शंभरावर अनोळखी माणसांच्या फ्रेंड रिक्वेस्ट येऊन पडल्या आहेत, एका विद्यार्थ्याच्या आईच्या आजारपणाची खासगीत म्हणून केलेली चौकशी सगळ्यांना दिसली आणि चुलतभावाच्या नावाची दोन खाती दिसत असून त्यांपैकी एक आपल्याशी संभाषण सुरू करू पाहत आहे. यातले आधी काय शिकावे, असे आपण विचारले आहे.

मी गेली अकरा वर्षे एका वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांसाठी मोबाइलचे वर्ग घेतो. तेथे आलेले बहुतेक जण बटण कोठे आहे म्हणून अडत नाहीत, कारण बटणे आठवड्याभरात हाताखालची होतात. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी: समोर दिसणारा मजकूर कोणाचा आहे, तो कोणाच्या जागेत लिहिलेला आहे आणि त्याखाली आपण काही लिहिले तर ते कोणाकोणाला दिसेल, याचा अंदाज येत नाही. आपल्या चारही अडचणी याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, म्हणून पोस्ट कशी टाकावी, फोटो कसा चढवावा हे शिकण्याआधी जागा ओळखायला शिकावे, असे मी सुचवतो.

अॅप उघडल्यावर जी न संपणारी यादी दिसते तिला फीड म्हणतात. ही यादी २००६ साली फेसबुकवर आली. त्यापूर्वी एखाद्याचे काय चालले आहे हे पाहायचे तर त्याच्या पानावर, म्हणजे प्रोफाइलवर, जावे लागे. फीडने ही खेप वाचवली, पण त्याबरोबर एक गोंधळही आणला. निरनिराळ्या ठिकाणचा मजकूर एकाच रांगेत, एकाच आकाराच्या चौकटीत दिसू लागला. आपल्या भाचीने स्वतःच्या पानावर लिहिलेले, एखाद्या पाककृतींच्या ग्रुपमध्ये परक्या बाईंनी लिहिलेले, एखाद्या वृत्तपत्राच्या पेजवरचे आणि पैसे देऊन लावलेली जाहिरात हे सगळे एकाखाली एक येते. म्हणून मजकूर वाचण्याआधी चौकटीची सर्वांत वरची ओळ वाचण्याची सवय लावावी. तेथे एकाच माणसाचे नाव असेल तर तो मजकूर त्याच्या पानावरचा असतो. ग्रुपचे नाव आणि त्याखाली माणसाचे नाव असेल तर तो ग्रुपमधला असतो. जाहिरात असेल तर नावाखाली बारीक अक्षरांत ती प्रायोजित असल्याचे लिहिलेले असते, आणि ती अक्षरे मुद्दाम बारीक असावीत अशी मला शंका आहे. नावाशेजारी ‘फॉलो’ असे बटण दिसले तर ती व्यक्ती किंवा ते पेज आपल्या यादीतले नाही. आपण तिकडे थांबून पाहाल असा अंदाज बांधून फेसबुकने ते स्वतःहून पुढे केलेले आहे.

त्याच ओळीत, तारखेच्या शेजारी, एक लहानसे चित्र असते. माझ्या मते संपूर्ण फेसबुकवर नवशिक्याच्या दृष्टीने याहून मोलाचे चिन्ह नाही. पृथ्वीगोल असेल तर तो मजकूर जगातील कोणालाही दिसतो. दोन माणसांची आकृती असेल तर तो फक्त लिहिणाऱ्याच्या मित्रयादीला दिसतो, आणि कुलूप असेल तर केवळ त्याला स्वतःला. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत झाले ते असे असावे: त्याने नव्या दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो पृथ्वीगोल ठेवून टाकला होता आणि आपण त्याच्या आईच्या शस्त्रक्रियेची विचारपूस त्या फोटोखाली केली. आपले शब्द आपल्या खात्यातून लिहिलेले असले तरी ते त्याच्या अंगणात पडले, आणि अंगणाचे फाटक उघडे ठेवावे की लोटून घ्यावे हे घरमालक ठरवतो. आपले खाते कितीही बंदिस्त केले तरी दुसऱ्याच्या उघड्या पोस्टखालची आपली टिप्पणी उघडीच राहते, हे वर्गात मला दरवेळी दोनदा सांगावे लागते.

त्या टिप्पणीवर बोट दाबून धरल्यास ती काढून टाकण्याचा पर्याय येतो. तो आजच वापरावा. दुरुस्त करण्याचाही पर्याय तेथेच असतो, परंतु दुरुस्तीपूर्वीचा मजकूर इतरांना पाहता येतो, त्यामुळे खासगी गोष्ट लिहिली गेली असेल तर दुरुस्तीने काम भागत नाही. पुढे कोणाची व्यक्तिगत चौकशी करायची असेल तर त्या व्यक्तीच्या नावावर बोट ठेवून तिच्या पानावर जावे आणि तेथून संदेश पाठवावा. हे संदेश मेसेंजर या फेसबुकच्या संदेशांसाठीच्या भागात जातात व ते दोघांपुरते असतात. मित्रयादीबाहेरच्या माणसाला पाठवलेला संदेश मात्र त्याच्याकडे ‘विनंत्या’ या वेगळ्या कप्प्यात पडतो आणि कित्येकांना असा कप्पा आहे हेच ठाऊक नसते. विद्यार्थ्याचे उत्तर महिनाभर आले नाही तर तो विसरला असे समजून वाईट वाटून घेऊ नये. बहुधा तो संदेश त्याने पाहिलेलाच नसतो. आपल्याही खात्यातला तो कप्पा एकदा उघडून पाहावा. माझ्या वर्गातील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना त्यात बालमित्राचा चार वर्षांपूर्वीचा संदेश सापडला होता.

आता सकाळी पाहिलेली पोस्ट दुपारी का सापडत नाही, ते सांगतो. फीड वर्तमानपत्राच्या पानासारखे स्थिर नसते. कोणती चौकट वर आणायची हे फेसबुक दरवेळी नव्याने ठरवते, आणि ते ठरवताना आपण कोणाच्या मजकुरापाशी थांबतो, कोणाला प्रतिसाद देतो याचा हिशेब धरते. त्यामुळे अॅप बंद करून पुन्हा उघडले की रांग बदललेली असते. पोस्ट पुसली गेलेली नसते, फक्त मागे ढकललेली असते. ती कोणी लिहिली हे लक्षात असेल तर सरळ त्या व्यक्तीच्या पानावर जावे, तेथे ती मिळते. आपण तिला लाईक केले असेल किंवा तिच्याखाली काही लिहिले असेल तर आपल्या खात्यातील कृतींच्या नोंदवहीत ती सापडते. पुढच्या वेळी, नंतर पुन्हा लागेल असे वाटलेल्या पोस्टच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर दाबून ती जतन करावी. जतन केलेल्यांची वेगळी यादी मुख्य मेनूत असते. त्याच मेनूत जुलै २०२२ पासून ‘फीड्स’ नावाचा एक विभाग आहे, जेथे फक्त आपल्या यादीतल्या माणसांचे, ग्रुपांचे आणि पेजांचे लेखन काळाच्या क्रमाने, सर्वांत नवे वर, असे दिसते आणि फेसबुकने स्वतःहून सुचवलेले काही नसते. हा विभाग इतका आडबाजूला ठेवलेला आहे की दहा वर्षे फेसबुक वापरणाऱ्यांनाही तो माहीत नसतो. पहिले दोन महिने आपण तेथूनच वाचावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेनूतील नावे आणि त्यांच्या जागा दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून मी वर्गात ‘अमुक पायरीवर तमुक दाबा’ असे कागदावर उतरवून घेऊ देत नाही. आकार मात्र टिकून राहिले आहेत: तीन टिंबे म्हणजे ज्या गोष्टीशेजारी ती आहेत तिच्यापुरते पर्याय, तीन आडव्या रेषा म्हणजे मुख्य मेनू, दातेरी चाक म्हणजे सेटिंग, घंटी म्हणजे सूचना. नातीकडून फोनवर मदत घेणार असाल तर आणखी एक करावे. दोघींच्या अॅपची भाषा एकच ठेवावी. फेसबुक संपूर्ण मराठीत वापरता येते आणि मला स्वतःला ते आवडते, परंतु तिच्याकडे इंग्रजी नावे आणि आपल्याकडे मराठी, अशी स्थिती असली की ‘आजी, तिथे काय लिहिलंय?’ यातच अर्धा तास जातो.

फ्रेंड रिक्वेस्टविषयी. शंभर विनंत्या आल्या याचा अर्थ शंभर जणांनी आपल्याला शोधले असा नाही. आपण एखाद्याला मित्रयादीत घेतले की त्याच्या मित्रांना ‘आपण यांना ओळखत असाल’ म्हणून आपले नाव दाखवले जाते आणि काही जण समोर येईल त्याला विनंती पाठवत जातात. विनंती तशीच ठेवण्यास काहीही हरकत नाही. ती नाकारली तरी समोरच्याला तसे कळवले जात नाही. मात्र, दाराशी आलेल्याला परत कसे पाठवायचे, हा आपल्या पिढीचा संकोच येथे आड येतो. वर्गातील अनेक काकूंनी निव्वळ या भिडेपोटी दोन-दोनशे परकी माणसे यादीत घेतली आणि मग नातवंडांचे फोटो त्यांनाही दिसू लागले. विनंती पाठवणाऱ्याचे पान उघडावे, सामाईक मित्र कोण आहेत ते पाहावे आणि तरीही ओळख पटली नाही तर ‘आपण कोणत्या वर्षी शाळेत होता?’ असा साधा संदेश पाठवावा. खरा विद्यार्थी वर्षाबरोबर वर्गशिक्षकांचे नावही सांगतो. शिवाय, सेटिंगमध्ये ‘विनंती कोण पाठवू शकेल’ या ठिकाणी ‘मित्रांचे मित्र’ हा पर्याय निवडला की अनोळखी विनंत्यांचा ओघ बराच आटतो.

चुलतभावाच्या दोन खात्यांचा प्रश्न मात्र आज रात्रीवर टाकू नये. त्यांना फोन करून त्यांनी दुसरे खाते उघडले आहे का, एवढे विचारावे. उघडले नसेल तर कोणीतरी त्यांचे नाव आणि फोटो उचलून नकली खाते केले आहे. या फसवणुकीला संगणकाचे फारसे ज्ञान लागत नाही. नाव आणि फोटो सर्वांना दिसतच असतात. तिसरी गोष्ट लागते ती मित्रांची यादी, आणि तीही बहुतेकांनी उघडी ठेवलेली असते. त्या यादीतल्या प्रत्येकाला नव्या खात्यावरून विनंती जाते, दोन दिवस ‘कसे आहात’ चालते आणि मग मागणी येते. कधी ती रुग्णालयातून ‘तातडीने पैसे हवे आहेत’ अशी असते. कधी ‘माझ्या ओळखीच्या लष्करी किंवा निमलष्करी अधिकाऱ्याची बदली झाली आहे, तो घरातले फर्निचर अगदी स्वस्तात विकतो आहे’ अशी असते, आणि हा प्रकार आपल्याकडे इतका रुळला आहे की फर्निचर हा शब्द दिसताच संभाषण बंद करावे. त्या खात्याला काहीही उत्तर न देता, त्याच्या पानावरील तीन टिंबांतून तक्रार नोंदवण्याचा पर्याय निवडावा, कारण विचारल्यावर ‘दुसऱ्याच्या नावाने वावरत आहे’ व ‘माझ्या मित्राच्या’ असे सांगावे आणि मग त्या खात्याला ब्लॉक करावे. आपल्या भावालाही तीच तक्रार स्वतः करायला सांगावे, कारण ज्याची नक्कल झाली त्याच्या तक्रारीला अधिक वजन असते. आपल्या आप्तांपैकी कोणी पैसे देऊन बसले असेल तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्याच तासात फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी बँकेला ते गोठवता आले तर परत मिळण्याची शक्यता राहते. आणि क्यूआर कोड पैसे देण्यासाठी स्कॅन करतात, घेण्यासाठी नव्हे, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

आपल्या स्वतःच्या खात्याची नक्कल होऊ नये म्हणून मित्रयादी ‘फक्त मी’ अशी करून घ्यावी. फेसबुकने मे २०२० मध्ये भारतातील वापरकर्त्यांसाठी, विशेषतः स्त्रियांचा विचार करून, संपूर्ण प्रोफाइलला कुलूप लावण्याची सोय आणली. बहुतेक मुले आपल्या आईला आणि आजीला पहिल्या दिवशीच ते कुलूप लावून देतात. बऱ्याच जणींसाठी ते योग्यही आहे. आपल्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्याला जुन्या विद्यार्थ्यांनी शोधावे अशी आपली इच्छा आहे, आणि पूर्ण कुलूप असले की मित्रयादीबाहेरच्याला आपला फोटोही मोठा करून पाहता येत नाही. पंचवीस वर्षांनी शोधायला आलेला मुलगा ‘या आपल्याच बाई का?’ असे म्हणत परत जाईल. त्यापेक्षा नाव, चेहरा आणि ‘अमुक शाळेत अमुक ते अमुक सालापर्यंत’ ही एक ओळ सर्वांना दिसू द्यावी. बाकीचे सारे, म्हणजे पोस्ट, यादी, फोन क्रमांक, जन्मवर्ष, मित्रांपुरते किंवा स्वतःपुरते ठेवावे. पासवर्डखेरीज दुसऱ्या टप्प्याची पडताळणीही चालू करून घ्यावी, आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कोणालाही, अगदी नातीच्या नावाने संदेश आला तरीही, सांगू नये.

लाईकविषयी विचारले नाहीत, पण सांगून ठेवतो. त्या अंगठ्यावर बोट दाबून धरले की प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख, राग अशी चिन्हे निघतात. ती २०१६ साली आली आणि तेव्हापासून चुकीचे बोट पडण्याची सोयही झाली. एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या निधनाच्या वार्तेखाली माझ्या हातून हसरा चेहरा पडला होता आणि तो दोन दिवस तसाच राहिला. त्याने काही म्हटले नाही. मलाच पुढे त्याच्यासमोर जायला अवघड झाले. चिन्हावर पुन्हा एकदा दाबले की ते निघते, म्हणून श्रद्धांजलीच्या पोस्टखाली आपले बोट कोठे पडले ते पाहूनच पुढे जावे.

पेज आणि ग्रुप यांतला भेद आपल्याला लवकरच लागेल. पेज हे संस्थेचे, दुकानाचे, वृत्तपत्राचे किंवा प्रसिद्ध व्यक्तीचे असते. तेथे चालवणारा बोलतो आणि इतर ऐकतात. ग्रुपमध्ये सदस्य आपापसात बोलतात. ग्रुप खासगी असेल तर आतले लेखन सदस्यांनाच दिसते, पण दहा हजार सदस्यांच्या ‘खासगी’ ग्रुपमध्ये लिहिलेले खासगी राहील असे मी धरून चालत नाही, आणि आपणही धरू नये. आपल्याला हवे आहे ते मात्र ग्रुपमध्येच साधेल. वैयक्तिक खात्यात मित्रांची मर्यादा ५,००० आहे, आणि तीन दशकांत हाताखालून गेलेल्या साऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या यादीत घेतले तर नातवंडांचे फोटो कोणाला दिसावेत हा प्रश्न पुन्हा उभा राहील. त्याऐवजी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक खासगी ग्रुप काढावा आणि आपल्यासोबत दोन विश्वासू माजी विद्यार्थ्यांना व्यवस्थापक करावे, म्हणजे आपण चार दिवस गावी गेलात तरी काम अडणार नाही. प्रवेश मागणाऱ्याला तीनपर्यंत प्रश्न विचारण्याची सोय तेथे आहे. ‘आपण कोण?’ असे विचारून काही उपयोग होत नाही. मधल्या सुट्टीची घंटा कोण वाजवत असे, पाण्याच्या टाकीशेजारी कोणते झाड होते, असे विचारावे. बाहेरच्या माणसाला ते सांगता येणार नाही आणि आतल्याला ते विसरता येणार नाही.

राहता राहिले विद्यार्थ्यांना शोधणे. शोधपट्टीत नाव देवनागरीत लिहून पाहावे आणि रोमन लिपीतही लिहून पाहावे, कारण बहुतेक जण एकाच लिपीत नाव ठेवतात आणि ती कोणती हे आधी कळत नाही. ‘क्षीरसागर’ किंवा ‘ढवळे’ यांसारखे आडनाव रोमन अक्षरांत निरनिराळ्या प्रकारे लिहिले जाते, तेव्हा एका प्रकाराने सापडले नाही म्हणजे तो फेसबुकवर नाही असे समजू नये. शोधाच्या निकालांत फक्त माणसांची यादी निवडावी, म्हणजे गावाचे आणि शाळेचे नाव टाकून निकाल गाळता येतात. मुलींना शोधणे अधिक कठीण असते. लग्नानंतर आडनाव बदललेले असते, क्वचित पाळण्यातले नावही. अशा वेळी तिच्या भावाचे किंवा वर्गमैत्रिणीचे पान गाठावे आणि त्यांच्या जुन्या फोटोंखालच्या टिप्पण्या वाचाव्यात. राखीपौर्णिमेच्या किंवा भाऊबीजेच्या फोटोखाली ती बहुधा असतेच, आणि तेथे तिच्या नव्या नावावर बोट ठेवले की तिचे पान उघडते. काही जणी सासरच्या नावाशेजारी कंसात माहेरचे नाव लिहितात, म्हणून शोधताना माहेरचे नावही टाकून पाहावे. सापडल्यावर लगेच विनंती न पाठवता आधी संदेशात ‘मी तुझी अमुक शाळेतली बाई, आठवीला तुला मराठी शिकवत होते’ इतके लिहावे, कारण तिलाही अनोळखी नावाची विनंती आली की आपल्याइतकाच संशय येणार आहे.